हिवाळ्यात फेडायचा नवस

लेमुय बेट,
३ जून १९६४

प्रिय नोल्फावन्सं,

पार्सल पोचलं. आलं ते असं: लोकरी ओव्हरकोट एक, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट एक जोड, जाड मोजे तीन जोड, कापराच्या वड्यांचा डबा एक, आणि एक कानटोपी, जी आईंच्या कपाळावरून थेट नाकावर येते. कास्त्रोच्या गोदीतून सोडवायला चार एस्कुदो, चोंचीपर्यंतच्या ट्रकला दीड, आणि होडीवाल्याला अर्धा. सगळा खर्च आधीच भरला आहे असं तुम्ही लिहिलं होतंत. इथे ते कोणी ऐकून घेत नाही. मागत नाही, नुसतं कळवते.

कोट चांगला आहे. आईंनी तो घातला, चुलीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लेकीने माझी मेंढी करून टाकली." मग बूट चढवले. तेव्हापासून त्या बूट घालूनच निजतात. तुमचे दादा म्हणाले, "आई, अगं गादी मळेल." तर म्हणतात, "मळू दे. होडीत पाय भिजले तर तू पुसायला येणार आहेस?"

यावरून तुम्ही समजला असाल. त्या जाणारच म्हणतात. ऑगस्टच्या, ऐन थंडीतल्या जत्रेला, कागुआच बेटावर, नाझारेनो येशूच्या पायाशी. जानेवारीत उन्हाळ्यातल्या जत्रेला जा म्हटलं तर ऐकत नाहीत, कारण नवस हिवाळ्यातल्या जत्रेचा बोलला होता आणि हिवाळ्यातच फेडायचा.

वन्सं, नवस त्यांचा नव्हे, तुमचा. लादिस्लाओ दहा महिन्यांचा होता, डांग्या खोकल्याने निळा पडला होता, आणि याच चुलीपाशी तुम्ही गुडघे टेकून म्हणालात की हा जगला तर याला घेऊन भर हिवाळ्यात येईन आणि किनाऱ्यापासून देवळापर्यंत अनवाणी चालेन. मी तेव्हा नवी नवरी होते, पाणी तापवत होते, माझ्या कानांनी ऐकलं. तुम्ही पुंता अरेनासला गेलात त्या गेलातच. आई आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणतात, "लेकीचा नवस राहिला तर मला वरती विचारतील. मी काय सांगू, लेक कामात होती?"

तुम्ही आलात तर त्यांना समुद्रावर जावं लागणार नाही. कोट पाठवण्यापेक्षा तिकीट काढायचं होतंत. लादिस्लाओलाही सांगा. तो पत्र का पाठवत नाही? दर टपालाला आई विचारतात आणि दर टपालाला मी काहीतरी जुळवून सांगते.

एडेलमिरा


पुंता अरेनास,
१९ जून

वहिनी,

पत्र पोचलं, हिशोबासकट. सहा एस्कुदो या पत्रासोबत पाठवते आहे, म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल.

मी येऊ शकत नाही. माझ्या नवऱ्याची, रिगोबेर्तोची, कारखान्यात पाळी बदलली आहे, घरात दोन भाडेकरू जेवायला आहेत, आणि आगबोटीचं तिकीट काही झाडाला लागत नाही. नवसाचं म्हणाल तर मी एकोणीस वर्षांची होते. पोर मरायला टेकलं असताना आई काय वाटेल ते बोलते. नाझारेनोला तेवढं कळत असेल.

आईला पाठवू नका. तुम्ही घरात आहात, मोठ्या आहात, तुमचं ऐकेल. म्हणावं, मी मेणबत्त्यांचे पैसे पाठवते, कोणीतरी जाणाऱ्याच्या हाती द्या. कोट मी तिला अंगणात जाताना घालायला पाठवला, समुद्रात जायला नव्हे.

लादिस्लाओ मेंढ्यांच्या इस्टेटीवरच आहे, फार आत. रस्ते बर्फाने बंद आहेत. तिथून टपाल निघत नाही. बरा आहे.

नोल्फा


लेमुय बेट,
८ जुलै

प्रिय नोल्फावन्सं,

सहा एस्कुदो पोचले. झोप मला आधीही लागत होती.

मेणबत्त्यांचे पैसे आईंना दाखवले. त्यांनी नोट उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही अनवाणी चालेल का?" आणि परत माझ्या हातात दिली. देवळाच्या पेटीत टाकली आहे, तुमच्या नावाने.

मी सांगून पाहिलं नाही असं समजू नका. मी म्हटलं, आई, आखातात लाटा घराएवढ्या येतात. त्या म्हणाल्या, "सूनबाई, मी तुझ्याआधी चाळीस वर्षं या लाटा बघितल्या, तू मला सांगू नकोस त्या केवढ्या असतात." मी म्हटलं, तुमचा दम्याचा त्रास. म्हणाल्या, "दमा काय घरी राहतो? तो सगळीकडे बरोबर येतो." तुमचे दादा हसायला लागले, आणि घरात दोघं एका बाजूला झाले की तिसऱ्याचं काय चालतं.

तेव्हा तयारीला लागले आहे. त्यांना एकटं कशी पाठवू? मीही जाते. रोज थोडे शिंपले धुरावर टांगते. वाटेत खायला मिल्काओ भाजायचे आहेत, ते आदल्या दिवशी, नाहीतर बटाटा आंबतो. होडीत खाली अंथरायला मेंढीचं कातडं शिवून घेतलं. आई आपलं बोचकं रोज बांधतात आणि रोज सोडतात. त्यात काय आहे सांगते: एक स्वेटर, अर्धा विणलेला, लादिस्लाओसाठी. तो नाझारेनोच्या पायाला लावून मग तुमच्याकडे पाठवायचा आहे. मला रोज विचारतात, "छाती केवढी असेल गं पोराची? बापावर गेला असेल तर रुंद असेल." माप पाठवा. टपाल निघत नसेल, पण आईला लेकाचं माप ठाऊक असतं.

आणि एक. नाताळात त्याचं पत्र आलं होतं, ते आई मला दर रविवारी प्रार्थनेनंतर वाचायला लावतात. अक्षर फार सुधारलं आहे त्याचं. तुमच्यासारखं झालं आहे.

एडेलमिरा


पुंता अरेनास,
२४ जुलै

वहिनी,

हे पत्र वाचण्यापूर्वी दार लावून घ्या. आई जागी असेल तर आता वाचू नका.

अक्षर माझंच होतं. तुम्ही ओळखलंत आणि टोमणा मारलात. ओळखलंत तर पुढचंही ओळखायचं होतंत.

लादिस्लाओ गेला. मागच्या वर्षी, जूनमधल्या सान हुआनच्या सणाला. सणाला घरी येतो म्हणून निघाला होता. इस्टेटीचा ट्रक बर्फात अडकला, तो म्हणाला मी चालत जातो, फाट्यावर दुसरी गाडी मिळेल. अंगावर साधं जाकीट. कोट त्याने ट्रकमध्ये बसलेल्या म्हाताऱ्या स्वयंपाक्याला दिला होता, म्हणे चालताना ऊब येते. तो कुंपणाच्या खांबाला टेकून बसलेला सापडला. लोकांना वाटलं विसावा घेतोय. त्याला इथेच पुरलं.

तुम्ही विचाराल, सांगितलं का नाही. तुमचंच पत्र माझ्यापाशी आहे. त्याच आठवड्यात आलं. आई जिन्यावरून पडली होती, ताप उतरत नव्हता, आणि तुम्ही लिहिलं होतं, "आईंना धक्का सोसणार नाही, लिहाल ते चांगलंच लिहा." मी चांगलंच लिहिलं. मग पुढच्या वेळीही चांगलंच लिहावं लागलं. एकदा जिवंत लिहिलेल्या पोराला पत्रातून कसं मारायचं, तुम्ही शाळा शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा.

आता कळलं ना मी का येत नाही. मी अनवाणी चालून नाझारेनोचे आभार मानू? कशाबद्दल? आणि माझी आई लाटांमधून जाणार, मेलेल्या पोराचा स्वेटर देवाच्या पायाला लावून म्हणणार, देवा, तू माझा नातू वाचवलास. वहिनी, हे होऊ देऊ नका. होड्या बंद आहेत म्हणा. काहीही म्हणा. पण हे सांगू नका. नाझारेनोवर हात ठेवून शपथ घ्या की तुमच्या तोंडून हे आईला कळणार नाही, दादालाही नाही. दादाच्या पोटात काही राहत नाही.

नोल्फा


लेमुय बेट,
१० ऑगस्ट

प्रिय नोल्फावन्सं,

पत्र मी कोठारात बसून वाचलं. मग बटाटे निवडत राहिले, किती निवडले आठवत नाही. आई म्हणाल्या, "सूनबाई, कांदा चिरतेस का?" मी हो म्हटलं.

त्याला मी दुपट्यात गुंडाळलं आहे. पहिला दात आला तेव्हा तुम्ही निजला होतात, मी पाहिला होता. इतकंच लिहिते. जास्त लिहायला बसले तर मला राग येईल, आणि दुखवट्याच्या पत्रात राग नको.

तरी एक लिहितेच. वर्षभर तुम्ही एकट्याने रडलात, तो तुमच्या निवडीचा प्रश्न. पण आम्ही इथे त्याच्या नावाने नाताळात हसलो. त्याच्या तब्येतीसाठी पेला उचलला. त्याच्या आत्म्यासाठी या घरातून एक शब्द वर गेला नाही. मी लिहिलं होतं चांगलं लिहा, हे खरं. खोटं लिहा असं लिहिलं नव्हतं.

शपथ घेतली आहे. देवघरातल्या नाझारेनोवर हात ठेवून, तुम्ही म्हणालात त्याच शब्दांत. आईंना नाही, तुमच्या दादांना नाही. तुम्ही सोडवाल तेव्हाच मी सुटेन.

पण होड्या बंद आहेत असं मी सांगू शकत नाही. खिडकीतून शेजाऱ्यांच्या होड्या रंगवताना दिसतात. आणि सांगणारही नाही. तुम्ही विचारता, आभार कशाचे. खोकल्यात तो त्याच रात्री जायचा होता. तुम्ही जगू दे म्हणालात, किती ते म्हणाला नाहीत. एकवीस वर्षं मिळाली. नवस नवस असतो. तुम्ही फेडणार नसाल तर म्हातारी फेडेल आणि मी तिचा हात धरीन.

तिथे मी माझ्यापुरतं एक करणार आहे. मृतांची प्रार्थना पहाटे कब्रस्तानात असते, आई तेव्हा मुक्कामाच्या जागी झोपलेल्या असतील. मी त्याचं नाव गुपचूप देईन. जिवंतांमध्ये त्याचं नाव घेण्याचं पाप माझ्याकडून होणार नाही, आणि मयतांमध्ये त्याचं नाव न घेण्याचंही नाही.

स्वेटर पूर्ण झाला. माप तुम्ही पाठवलं नाहीत, त्यांनी तुमच्या दादांच्या अंगाला लावून विणला.

एडेलमिरा


पुंता अरेनास,
९ सप्टेंबर

वहिनी,

आईचं पत्र आलं. तुमच्या हातचं नाही, कोणा मास्तरणीकडून लिहवून घेतलंय. वाचा, शब्द न् शब्द उतरवते: "नोल्फा, एडेलमिराने पोरावर करणी केली आहे. त्याला इस्टेटीवरून ताबडतोब घरी आण, पाण्यावर जाऊ देऊ नकोस, उंबऱ्यावर मीठ टाक. भर देवळात तिने त्याला मेलेल्यांत घातलं. मी येते आहे. त्याला डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा घास उतरणार नाही."

काय केलंत तुम्ही? शपथ घेतली होती ना? गुपचूप म्हणाला होतात ना? एवढी पुस्तकं वाचून, एवढ्या प्रार्थना पाठ करून, एक तोंड बंद ठेवता आलं नाही? मुलगा माझा मेला, गुपित माझं, आणि तुम्हाला त्याच्यावर पुण्य कमवायचं होतं!

ती इथे येऊ नये. काहीही करा. ती इथे येऊ नये.

नोल्फा


लेमुय बेट,
१७ सप्टेंबर

प्रिय नोल्फावन्सं,

काय केलं ते सांगते. तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून.

जाताना समुद्र बरा होता. आई कोट घालून कातड्यावर बसल्या आणि होडीतल्या सगळ्यांना स्वेटर दाखवला. कागुआचला उतरल्यावर त्यांनी बूट काढले. मी म्हटलं मोजे तरी राहू द्या. "अनवाणी म्हणजे अनवाणी. नोल्फा मोज्यांचं काही बोलली नव्हती." वाळू गारेसारखी होती. देवळापर्यंत त्या चालल्या, वाटेत तीनदा थांबल्या, आणि प्रत्येक वेळी म्हणाल्या, "हे नोल्फाचं पाऊल हं, देवा, माझं नव्हे." मी शेजारून चालत होते. नवस फिटला वन्सं, एवढं तरी तुमच्या मनात असू द्या.

संध्याकाळी देवळाच्या दारात, प्रार्थना चालवणाऱ्या फिस्कालबाबांचा माणूस नावं घेत होता. प्रत्येकाला विचारतो, "जिवंत की मयत?" मी हळूच म्हटलं, मयत. लादिस्लाओ वेरा. "कुठला?" मी म्हटलं, लेमुयचा. मला वाटलं, झालं.

पहाटे वादळ उठलं. कब्रस्तानात उभं राहवेना, म्हणून फिस्कालबाबांनी मृतांची प्रार्थना देवळात घ्यायची ठरवली, आणि घंटा झाली तशी सगळी माणसं मुक्कामावरून देवळात आली. आईही आल्या. त्यांना कळलं नाही कुठली प्रार्थना आहे, घंटा झाली म्हणून आल्या. पुढच्या बाकावर बसल्या, मला हाताने जवळ ओढलं. मी त्यांना बाहेर न्यायला हवं होतं. मला ते सुचलंच नाही. मी नावांची वाट बघत बसले, कारण नाव पुकारलं की घरचं कोणीतरी उभं राहावं लागतं. कोणी उभं राहिलं नाही तर त्याचं इथे कोणी नाही असं होतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

फिस्कालबाबांनी पुकारलं, "लादिस्लाओ वेरा, लेमुय."

मी उभी राहिले.

आईंनी स्कर्ट धरून मला खाली ओढलं. "बस खाली. दुसरा कोणी असेल. आपला नाही तो."

मी बसले नाही. म्हटलं, "प्रभू, त्याला विसावा दे."

मग त्या उठल्या. तुम्हाला ठाऊक आहे त्यांचा आवाज. "थांबवा! तो माझा नातू आहे, जिवंत आहे, मेंढ्यांवर आहे! कोणी दिलं हे नाव?" फिस्कालबाबांनी माणसाकडे पाहिलं, माणसाने माझ्याकडे. "बाई, तुम्हीच दिलंत ना?"

मी हो म्हटलं. देवळात उभी राहून नाही कसं म्हणणार?

"जिवंत आहे की नाही तो?" फिस्कालबाबांनी विचारलं. शांतपणे विचारलं, मला वाट करून देत होते. मी तोंड उघडलं नाही. नाझारेनो समोर होता, माझा हात त्याच्यावर ठेवलेला मला दिसत होता.

आई म्हणाल्या, "बघा. बोलत नाही." आणि मग फार हळू म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या पोराने तुझं काय वाकडं केलं होतं?"

जिवंत माणसाला मयतांच्या प्रार्थनेत घालतात ते कशासाठी, हे आपल्या बेटांवर शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "शिकलेल्याच असतात या." बायकांनी मुलं आपल्या अंगाशी ओढली. फिस्कालबाबांनी त्याचं नाव पुन्हा एकदा पुकारलं, जिवंतांमध्ये, आणि अख्खं देऊळ उभं राहून त्याच्या दीर्घायुष्यासाठी मोठ्याने आमेन म्हणालं. मीही म्हटलं. ते पापही आता माझ्या खात्यावर आहे.

परतीच्या होडीत आमच्याजवळ कोणी बसलं नाही. म्हणजे माझ्याजवळ. आईंना त्यांनी उचलून पलीकडे नेलं.

आता इकडचं. आई माझ्या हातचं खात नाहीत. चुलीच्या कोपऱ्यात स्वतःचं भांडं ठेवतात आणि पाण्यावर क्रूस काढल्याशिवाय पीत नाहीत. देवळाची किल्ली सतरा वर्षं माझ्याकडे होती, ती मागून नेली. नेणारीने सांगितलं, "तुम्हाला विश्रांती हवी, बाई." तुमच्या दादांनी मला एका संध्याकाळी समोर बसवलं. "एडेलमिरा, काय आहे ते सांग. मी आईला समजावतो." मी म्हटलं, सांगता येत नाही. "नवऱ्यालाही नाही?" मी म्हटलं, नाही. मी माते चहा भरून पुढे केला. त्यांनी घेतला नाही वन्सं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. भांडं तसंच माझ्या हातात निवलं.

मी शपथ मोडलेली नाही. एका वाक्यात मोडता आली असती, त्याच देवळात, आणि मी सुटले असते. तुम्ही लिहिता मला तोंड बंद ठेवता आलं नाही. माझं तोंड बंद होतं म्हणूनच हे झालं. चूक माझी आहे ती नाव देण्याची, ती मी पाद्रीबाबांपुढे कबूल करेन. उरलेली तुमची आहे.

आई तयारी करताहेत. मला लांबूनच दिसते. तिकीट काढलं आहे, २ ऑक्टोबरच्या आगबोटीचं, कास्त्रोहून. पैसे शेजाऱ्यांनी जमवून दिले, माझे घेतले नाहीत. मास्तरणीच्या मुलीकडून त्यांनी कोटाच्या अस्तरात लसणाच्या माळा शिवून घेतल्या, लादिस्लाओच्या गळ्यात घालायला. स्वेटर कागदात. धुरावरचे शिंपले मी टांगलेले होते म्हणून सोडले, दुसऱ्या घरून आणले. थंडी अजून हटलेली नाही, पेनासच्या आखातात या दिवसांत काय असतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. तुमचे दादा म्हणाले, आई, महिनाभर थांब. त्या म्हणाल्या, "ही घरात असताना महिनाभर?"

त्यांना अडवू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते तिकडे आहे. पत्र लिहिलंत तर तुमच्या दादांच्या नावाने लिहा. माझ्या तोंडून वाचलेलं आता त्या ऐकून घेणार नाहीत. नाही लिहिलंत तर मी तुमच्या दादांबरोबर त्यांना कास्त्रोला पोचवायला जाईन आणि लांब उभी राहीन.

काल त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. दारातूनच. म्हणाल्या, "नोल्फाला लिही, मला घ्यायला पोराला पाठव. इतक्या वर्षांनी मी त्याला गर्दीत ओळखेन की नाही, तेवढीच भीती वाटते."

उलट टपाली कळवा वन्सं, धक्क्यावर तुमच्या शेजारी कोण उभं असेल म्हणून सांगू?

एडेलमिरा